टेकलेल्या खुराचा फराटा

सुरेखाताईंना कुणी मोबाईलवर व्हिडिओ दाखवायला घेतला की तो शेवटपर्यंत कधी जायचाच नाही. वरात असो, बारसं असो, कुणाच्या पोराची कबड्डी असो, ताई मध्येच बोट ठेवून तो थांबवणार आणि ओरडणार, "ह्यो हात बघ! हात हाय का कुठं? निस्ता फराटा हाय, फराटा!" समोरचा बिचारा नवरदेव दाखवायला आलेला असायचा, ताईंना हलगीवाल्याच्या हातापलीकडे काही दिसत नसे. आता ताई हैदराबादला असतात आणि आमच्याकडचे व्हिडिओ बिनबोभाट शेवटपर्यंत चालतात. त्यात मजा नाही.

सावेडीत टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांनी ॲनिमेशनचा स्टुडिओ थाटला होता. मूळच्या नेवासा तालुक्यातल्या. आधी गावोगावची लग्नं शूट करायच्या, मग कॉम्प्युटर शिकल्या आणि त्यातच बुडाल्या. मी पुण्यातली नोकरी सोडून त्यांच्याकडे आलो म्हणून त्यांनी माझं नाव कायमचं 'पुणेकर' करून टाकलं. मी राहुरीचा आहे हे सांगून सांगून थकलो. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पुणेकर, कॉम्प्युटरचं चित्र लई सोच्छ असतं, म्हनून खोटं वाटतं. क्यामेऱ्याचं झाकन इवलासा येळ उघडं ऱ्हातं, तेवढ्यात जे हाललं ते फराटतं. कॉम्प्युटरला झाकनच न्हाई. फराटा आपुन द्यायचा." मोशन ब्लर इतक्या थोडक्यात मला कुणी समजावला नव्हता.

अशात पुण्याच्या एका कंपनीनं बैलगाडा शर्यतीचा प्रसंग नमुना म्हणून करायला दिला. कॅमेरा बैलांच्या बरोबरीनं धावतो, असं दृश्य. नमुना पटला तर पूर्ण काम आमचं; नाही तर स्टुडिओला टाळं आणि आम्ही सगळे पुन्हा नोकरी शोधत पुण्याच्या एसटीत. ताईंनी नियम घालून दिला, "जे पळतंय ते फराटवा, जे जाग्यावर हाय त्याला हात लावू नका." आम्ही इमानेइतबारे तसंच केलं. बैलांच्या तोंडाचं पार पिठलं झालं, आणि खालची माती मात्र खडा न् खडा दिसावा इतकी स्वच्छ! कंपनीच्या साहेबांनी कळवलं, सोमवारी शेवटचं बघू, नाही तर काम दुसरीकडे.

ताईंनी ते दृश्य दिवसभर पुन्हा पुन्हा लावून बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच टेम्पो घेऊन हजर. "चला घोडेगावला. माझ्या मावसभावाची जोडी हाय. खरे बैल बघू."

मोकळ्या रानात मावसभावानं गाडा सोडला आणि आमचा टेम्पो त्याच्या बरोबरीनं उधळला. ताई मागे हौद्यात कॅमेरा घेऊन उभ्या, मी त्यांच्या कमरेला बांधलेली ओढणी दोन्ही हातांनी धरून. ताई मावसभावावर ओरडत होत्या, मावसभाऊ बैलांवर आणि मी देवाच्या नावानं. नाकातोंडात धुरळा, पण काय मजा आली म्हणून सांगू!

टेम्पो थांबतो न थांबतो तोच ताईंनी लॅपटॉप उघडून एकेक चित्र बघायला सुरुवात केली. बैलाचं तोंड, शिंगं, गळ्यातला गोंडा, सगळं लख्ख. मागची बाभळ, जमीन, सगळे फराटे. मग त्या एका चित्रावर अडकल्या.

"पुणेकर, ह्यो पाय टेकलाय ना भुईवर?"

"टेकलाय."

"मंजी हाललेला न्हाई. तरी फराटलाय!"

 ताईंनी टेम्पोच्या फाळक्यावर अशी थाप मारली की बैल बिचकले. "आरं, मीच येडी! मी इकडं रानात हुभी ऱ्हाऊन बघत हुते. क्यामेरा तर पळतोय! जे त्याच्यासंगं पळतं ते सोच्छ, जे मागं ऱ्हातं ते फराटतं. टेकलेला खूर मातीसंगं मागं ऱ्हातोय!" आपली चूक सापडल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. त्यांनी मावसभावाला मिठी मारली, मग ड्रायव्हरला पेढे आणायला पिटाळलं.

परत येऊन कॉम्प्युटरवरचे आमचे बैल नव्यानं केले. आता कॉम्प्युटरनं हालचाल रानावरून नाही, धावत्या कॅमेऱ्यावरून मोजली. सोमवारी साहेब व्हिडिओ कॉलवर आले. नमुना एकदा बघितला, पुन्हा लावायला सांगितला. ताईंच्या हातातला चहा तसाच निवत होता. शेवटी साहेब कोरड्या आवाजात म्हणाले, "मॅडम, आम्ही ॲनिमेशन मागितलं होतं. तुम्ही खरे बैल पळवून शूट केलंत. जनावरांसाठी परवानगी लागते, ती काढली होती का?"

 ताईंनी कप खाली ठेवला. डोळे भरले होते, आणि आवाज मात्र खणखणीत.

"सायेब, परवानगी कुनाच्या नावानं काढू? ह्ये बैल अजून जन्मलेच न्हाईत!"