दाहिनेसाहेब

दाहिनेसाहेबांना स्वस्थ उभे राहता येत नसे. 'सावधान'च्या हुकमावर ते इतरांसारखेच ताठ असत. पण 'विश्राम' म्हटले की बुटाची टाच मैदानावर टकटक करू लागे. कॅन्टीनमध्येही ते चहा उभ्यानेच पीत. "बसलो की वाटतं, तेवढ्यात काहीतरी निघून जाईल," असे म्हणत. काय निघून जाईल, हे विचारण्याची आमची हिंमत नव्हती. कॉलेजच्या सैनिकी पथकात आम्ही नवे कॅडेट होतो आणि ते आमचे सीनियर.

नाव त्यांना पहिल्या वर्षीच चिकटले होते. कवायतीचे हुकूम हिंदीत असत. सैन्यातून शिकवायला आलेल्या हरियाणाकडच्या उस्तादांनी 'दाहिने मुड' म्हटले आणि बिडकीनहून आलेला हा मुलगा मोठ्या झोकात डावीकडे वळला. शेजारच्या कॅडेटच्या नाकाला त्याचे नाक लागले. 'दाहिने'तला पहिलाच आवाज ऐकून मराठी शाळेतल्या मुलाचा पाय 'डावी'कडे जातो. खेड्यातून येणारी मुले दरवर्षी ही चूक करीत आणि शहरातली हसत. त्यातून 'दाहिने' झाले. खांद्यावर फीत लागल्यावर त्याला 'साहेब' जोडला गेला. तोंडावर मात्र सगळे 'सर'च म्हणत.

आमच्या तुकडीत हा मान शेंद्र्याच्या महादूला मिळाला. तो उलटा वळला, हशा पिकला. दाहिनेसाहेबांनी लगेच भाषा बदलली आणि ओरडले, "उजवीकडं वळ!" हसणाऱ्यांत बरीचशी उर्दू शाळेतली मुले होती. ती गोंधळून एकमेकांवर आदळली.

"वा मियाँ," साहेब म्हणाले, "तुमचा बी हात गावाला गेला व्हय?"

मग ते महादूकडे आले. दोघांच्याही घरी मेंढरे होती. "काठी कोणत्या हातात धरतो?"

महादूने हात पुढे केला.

"तोच दाहिना. डोक्याला इचारू नको, काठीला इचार."

नव्या कॅडेटच्या वाट्याला काय येणार, हे ते पहिल्याच सकाळी सांगून टाकत. "बूट चावतील. खाकी टोचल. घरी आय वळखणार नाय, इतके केस कापले जातील. आन् हुकमाबिगर थांबायचं नाय. म्होरं भिंत आली तरी पाय चालू." भिंत खरोखरच येई. तिच्यासमोर आम्ही जागच्या जागी पाय आपटत राहायचो आणि ते 'थम' म्हणायला मुद्दाम उशीर करायचे. परेडनंतर पुरीभाजी मिळे. ती खातानाही त्यांची नजर आमच्या बकलांवर असे.

त्यांना सैन्यात अधिकारी व्हायचे होते. निवड मंडळाने दोनदा परत पाठवले होते. वयाच्या अटीमुळे तिसरी खेप शेवटची होती. वडिलांनी तर त्याआधीच बजावले होते, "औंदा नाय झालं तर घरी ये. मेंढरं कुणाची वाट बघत नसत्यात." त्या खेपेला मंडळाने त्यांना पसंत केले. पण जागा थोड्या आणि पसंत झालेले जास्त, त्यामुळे अंतिम निवड व्हायची होती.

ते दिवस आम्हाला जड गेले. परेड लांबू लागल्या. एकदा पाठीमागून 'निकाल, निकाल' अशी आरोळी ऐकू आली म्हणून साहेब दचकून वळले. तो लॉटरीवाला होता. महादूने धीर करून विचारले, "सर, झालात का खरे साहेब?"

"तू आधी दाहिने मुड," ते म्हणाले. पण हसले नाहीत.

एका शनिवारी समजले की अंतिम यादीत त्यांचे नाव आले नाही. रविवारी परेडआधी उस्तादांनी आम्हाला गोळा केले. "आज उसको कोई कुछ नहीं पूछेगा," एवढेच म्हणाले. साहेब वेळेवर आले. बूट चमकत होते. तुकडी त्यांनी ताब्यात घेतली, 'तेज चल' दिला आणि बाजूने चालू लागले.

मैदान संपले. फाटक उघडे होते. 'थम' आला नाही, वळण्याचाही हुकूम आला नाही, म्हणून आम्ही फाटकातून रस्त्यावर गेलो. उस्ताद फाटकाशी आले, पण त्यांनी हाक मारली नाही. टांगेवाल्यांनी घोडे आवरले. साहेब सरळ समोर पाहत आमच्याबरोबर पावले टाकत होते. विसरले होते की मुद्दाम चालवत होते, हे आजही सांगता येणार नाही. गुलमंडीत कापडवाल्यांची दुकाने उघडत होती. एक शेठजी हातातला तागा तसाच धरून पायरीवर आले.

"काय हो, अठ्ठेचाळीससारखी फौज घेऊन परत पोलीस ॲक्शन निघाली का काय?"

साहेबांची नजर पहिल्यांदाच बाजूला गेली. त्यांनी 'थम' दिला. तुकडी थांबली.

"नाय शेठजी," ते म्हणाले. "आमची संपली."

मग त्यांनी आम्हाला विसर्जनाचा हुकूम दिला. परेडवर अधिकारी हजर असेल तरच विसर्जनाला सलामी द्यायची, नसेल तर नुसते वळून पांगायचे. हे त्यांनीच आम्हाला शिकवले होते. आम्ही वळलो. पण महादूचा हात वर गेला. मग त्याच्या शेजारच्याचा, मग सगळ्या रांगेचा.

दाहिनेसाहेब क्षणभर गोंधळले. नियम मोडल्याबद्दल ते ओरडतील असे वाटले. त्यांनी टाचा जुळवल्या आणि ती सलामी घेतली, अधिकारी घेतो तशी.