मेथीखालचं पाकीट

शेजारच्या सुमनमावशींनी सोनोग्राफीचं पाकीट पिशवीत ठेवलं आणि वरून मेथी पसरली. त्यांची गर्भपिशवी काढावी लागेल, असं आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आम्ही दुसऱ्या डॉक्टरांना विचारायला निघालो होतो आणि वाट नेमकी गल्लीतल्या डॉक्टरांच्याच दवाखान्यावरून जात होती.

"त्यांनी पाहिलं तर काय वाटेल गं? माझी दोन्ही पोरं त्यांच्याच हातची."

मला रागच आला. रुग्णांच्या हक्कांची पत्रकं मी दारोदार वाटते, आणि माझ्याच मावशींना स्वतःचे रिपोर्ट चोरून न्यावे लागतात. शरीर बाईचं, कापणार बाईला, आणि काळजी कसली, तर डॉक्टरांना वाईट वाटेल याची. प्रश्न विचारणं म्हणजे बेइमानी, हे आपल्या मनात भरवलं कुणी? पण मावशींच्या तोंडाकडे पाहिलं आणि पत्रकातलं एकही वाक्य बोलवेना. तिथे भीती होती, तशी त्या डॉक्टरांबद्दलची मायाही होती.

दुसऱ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. तेही म्हणाले, काढावीच लागेल.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मावशी, हेलपाटाच झाला."

"हेलपाटा कसला? उगीच तर कापत नाहीत ना, हेच डोक्यात फिरत होतं. आता ते तरी गेलं."

परतताना गल्लीतल्या दवाखान्यासमोर त्या थांबल्या. मेथी माझ्या हातात दिली, पाकीट काढून काखेत धरलं आणि ऑपरेशनची तारीख विचारायला आत गेल्या.