मंद्रूपच्या मुलींवरचा आळ

मृत्युंजय हिरेमठ सोलापुरात कॉम्प्युटरचा क्लास चालवतात. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी त्यांनी एक वेबसाइट काढली होती. रोज सराव परीक्षा आणि खाली शंका विचारायला जागा, सगळं फुकट. गणिताच्या शिवलीला मॅडम शंकांना उत्तरं द्यायच्या. गावोगावची पोरं त्यावर यायची आणि सरांना त्याचा मोठा अभिमान होता.

मग कुणीतरी तिथं मॅडमबद्दल घाणेरडं लिहायला लागलं. सर खातं बंद करायचे, की नव्या नावानं पुन्हा तेच. मॅडम एवढंच म्हणाल्या, "सर, मी आता ते पान उघडतच नाही."

सरांचं डोकं फिरलं. त्यांनी सर्व्हरवरच्या नोंदी तपासल्या. नावं वेगळी, पण मेसेज सगळे एकाच आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यावरून आलेले. मंद्रूप गावच्या अभ्यासिकेतल्या मुलीही त्याच ॲड्रेसवरून परीक्षा देत होत्या. झालं! सरांनी तो ॲड्रेसच ब्लॉक केला आणि क्लासच्या ग्रुपवर टाकलं, 'घाण मंद्रूपच्या अभ्यासिकेतून येत होती. बंदोबस्त केलाय.' खाली शाबासक्यांची रांग लागली.

दुसऱ्या दिवशी मंद्रूपहून अभ्यासिकेतल्या ऋतुजाचा फोन आला.

"सर, साइट उघडत न्हाय. हितं कुणाचीच."

"उघडणार नाही. तुमच्यातलंच कुणीतरी आहे. नाव सांगा, मग उघडतो."

"सर, हितं आमी पोरीच बसतो की. मॅडमबद्दल आमी कशाला असलं लिहू?"

"मशीन खोटं बोलत नाही," म्हणून सरांनी फोन ठेवला.

पुढच्याच आठवड्यात घाण पुन्हा सुरू झाली, दुसऱ्याच ॲड्रेसवरून. मंद्रूप तर अजून बंदच होतं. सरांनी मंद्रूपला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिथला माणूस सहज म्हणाला, "एकच ॲड्रेस आम्ही कितीतरी गिऱ्हाइकांना वाटून देतो, सर. त्यात मंद्रूप आलं, विडी घरकुल आलं, होटगी रोड आला. आणि तो बदलतही राहतो."

सरांचे कान तापले. हे त्यांना नवीन नव्हतं. प्रत्येक बॅचला ते स्वतःच शिकवायचे, 'ॲड्रेस म्हणजे माणूस नव्हे.'

त्यांनी गुपचूप ब्लॉक काढला. प्रकरण तिथंच मिटवावं असं त्यांना वाटत होतं. पण मॅडमना कळल्यावर त्या म्हणाल्या, "आणि त्या पोरींचं काय? माझं नाव पुढं करून तुम्ही त्यांना बदनाम केलंत."

सर एसटीनं मंद्रूपला गेले. ग्रुपवरचा तो मेसेज गावात कधीच पोचला होता. अभ्यासिकेच्या कमिटीनं मुलींचं तिथं बसणं बंद केलं होतं. सर पत्ता विचारत ऋतुजाच्या घरी गेले. तिचे वडील सिद्धाप्पा शेरडांना पाला टाकत होते. त्यांनी पाणी दिलं, खाट पुढं केली. ऋतुजा दारात उभी राहिली, पुढं आली नाही.

"जरा टेक्निकल घोटाळा झाला होता," सर म्हणाले.

"म्हंजी मशीन चुकलं?" सिद्धाप्पांनी विचारलं.

सरांना मान वर करवेना. "नाही. मी चुकलो. नीट न बघता पोरींवर आळ घेतला."

"मग हे गावाला सांगा की. मला सांगून काय उपेग? लेक माझी हाय, मला ठावं हाय ती कशी हाय."

संध्याकाळी अभ्यासिकेत कमिटीसमोर सरांनी तेच सांगितलं. कुणी त्यांना रागावलं नाही, आणि तेच जास्त लागलं. मुली पुन्हा तिथं अभ्यासाला बसू लागल्या. साइटवर आता प्रत्येक मेसेज आधी सर स्वतः वाचतात, मगच तो दिसतो. लिहिणारा कोण होता, ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

अभ्यासिकेतली प्रियंका परत आली नाही. नको ती बोलणी नकोत म्हणून घरच्यांनी तिला करकंबला मामाकडं पाठवलं होतं. सरांनी नंबर मिळवून तिला फोन केला, माफी मागितली.

"असू द्या, सर," ती म्हणाली. "पण या भरतीचा फॉर्म भरायचा राहिला माझा. तारीख गेली."

तिकडून कुणीतरी तिला हाक मारली, तेव्हा "ठेवते, सर," म्हणून तिनंच फोन ठेवला.