पाठमोरे दामूकाका

दामूकाका गायला बसले की आधी पेटी उलटी फिरवत. तोंड देवीकडे, पाठ आमच्याकडे. नवीन पनवेलमधल्या आमच्या सेक्टरच्या देवळात तीन वर्षं मी त्यांचं गाणं ऐकलं ते त्यांच्या मानेकडे बघत. आवाज असा की अंगावर काटा यायचा, आणि त्यामागोमाग माझ्या मनात शंका यायची.

शंका घेणं हा माझा धंदाच होता. सगळी नोकरी दक्षता विभागात गेली. फार सरळ माणूस दिसला की मला धडकी भरते. हे गृहस्थ कामोठे गावातले. गावात भजनी मंडळ होतं, तिथे एके काळी ते बुवा होते म्हणे. ते सोडून दर गुरुवारी रिक्षाने आमच्या बेसूर नोकरदारांत का यायचं? बरं, ना सत्कार घेत, ना फोटोत येत. फोटोची वेळ झाली की चपला शोधायला म्हणून जे जात, ते घरीच. "विश्वस्त व्हायचा डाव असणार," मी बायकोला म्हणायचो. "तुम्हाला प्रसादाच्या शिऱ्यातही खडा लागतो," ती म्हणायची.

मी मंडळाचा चिटणीस. तालुक्याच्या भजन स्पर्धेची ढाल एकदा तरी आमच्या देवळात यावी आणि ती घेताना माझा फोटो निघावा, ही माझी जुनी हौस. पंधरा दिवस पाठपुरावा करून मी दामूकाकांना बुवा व्हायला तयार केलं. ते एवढंच म्हणाले, "देवासमोर गायचा असंल तं गाईन, सायेब. ढालीचा तुमी बगा." मला तो विनय वाटला.

स्पर्धेत मंचावर मागच्या बाजूला देवीची तसबीर होती आणि समोर परीक्षक. काकांनी शांतपणे पेटी फिरवली.

"काका, परीक्षक इकडे आहेत!" मी कुजबुजलो.

"आनि देवी तिकडं हाय," ते म्हणाले, आणि त्यांनी सूर धरला.

असं गाणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. परीक्षकांनी 'सादरीकरण असमाधानकारक' असा शेरा मारला आणि ढाल पळस्प्याच्या मंडळाला गेली. त्या मंडळात पखवाजावर कोण होतं? दामूकाकांचा सख्खा जावई!

मला सगळं लख्ख दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचं घर गाठलं आणि उंबऱ्यातूनच विचारलं, "जावयासाठी हरलात ना?"

ते रागावले नाहीत. त्यांनी चटई टाकली, मला बसवलं.

"सायेब, मीबी पयला लोकांकडं तोंड करूनच गायचो. तोंडात देवीचा नाव, नि डोले कोनाची मान हालते त्याच्यावर. एका जत्रंला गाताना लोका एकदम उठली, वरडाया लागली. मना वाटला, माज्या गल्यासाठी उठली. मी आनखी वर चढलो. पाठीमागं समई कलंडून देवीची साडी पेटली होती." चटईचं टोक सरळ करत ते म्हणाले, "आनि मी गातच होतो."

गोष्ट मला जरा जास्तच जुळलेली वाटली. साक्षीदार हवा होता. "मग विझवली कोणी?" मी विचारलं.

तेवढ्यात काकूंनी चहा आणला. कप घेताना काकूंचा हात दिसला. तळव्याची कातडी ताणलेली, गुळगुळीत. दोन बोटं मिटतच नव्हती.

"गावात मना परत बुवाच करत होते," काका खाली बघत म्हणाले. "तुमच्यात मना कोनी वलकत नवता. बरा वाटला."

मला फार लाज वाटली. चहा संपवून मी घरी आलो.

गेल्या वर्षी काका गेले. भाषणं नकोत, भजन ठेवा, असा काकूंचा निरोप आला. मंडळाने देवळात गायला मला बसवलं. काकांची आठवण ठेवून मी पेटी फिरवली, देवीकडे तोंड केलं. दुसऱ्या कडव्याला मागे कुणीतरी उठल्याची चाहूल लागली. समोर समई शांत जळत होती. देवीची साडी जागच्या जागी होती. तरीही माझी मान वळलीच, कोण उठलं आणि कशासाठी ते बघायला.

दोघेजण बस पकडायला निघाले होते. मी पुन्हा देवीकडे वळलो, तोवर सूर सुटला होता.