पाटे काढलेली पिकअप

पाटेवाल्याच्या गॅरेजात वीस वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. सांगू नको म्हटलं तरी तोंडातून निघतात! त्यात हसण्यासारखे थोडे, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचं गॅरेज जळगावच्या बाहेर. मालक नाना, मी त्यांच्या हाताखाली. पिकअपच्या चाकांवर धक्के झेलायला एकावर एक लोखंडी पाटे असतात ना, त्यांचं काम. अर्धी गिऱ्हाइकं म्हणतात माल जास्त भरायचाय, पाटे वाढवा. उरलेली म्हणतात गाडी खाली बसवा, स्टाइल दिसली पाहिजे. दोघांनाही अक्कल कमीच, असं नानांचं मत.

धुळ्याचा एक नवरदेव आला. "नाना, गाडी जमीनले टेकाडी द्या! वरातमा बठ्ठा गाव दखाले पाहिजे."

नानांनी समजावलं, भांडले, शेवटी पाटे काढले. वरात निघाली आणि मांडवासमोरच्या स्पीड ब्रेकरवर गाडी पोटावर बसली! चाकं हवेत फिरतायत आणि सगळे मामे ढकलतायत. चार दिवसांनी पठ्ठ्या सायलेन्सर हातात घेऊन हजर.

नाना म्हणाले, "लग्न तरी लागलं का?"

पाचोऱ्याच्या एका भाजीवाल्याने घरीच गाडी खाली केली. वर रबराचे बफरही काढून फेकले. का, तर "आवाज करत होते." अरे, गाडी जास्त दबली की धक्का अडवायलाच असतात ते, आवाज होणारच! पहूरच्या वळणावर मागची बाजू नाचली आणि गाडी थेट कपाशीत. हात मोडला. बरा झाल्यावर आला आणि नानांना विचारतो, "पुढून अजून दोन इंच खाली होईल का?" नाना त्या दिवशी जेवले नाहीत.

नानांची एक पद्धत. काम झालं की नाना स्वतः गाडी चालवणार, आणि गाडीच्या मालकाने मागे हौद्यात बसायचं. समोरच्या खड्ड्यांच्या रस्त्यावरून एक फेरी. "मला काय विचारतो? तुझ्या पाठीला विचार!" भलेभले हौद्यातून शिव्या घालत उतरलेत.

सावद्याचा विलास आला तेव्हा मात्र गंमत नव्हती. केळी वाहायची पिकअप, पाटे कडक. म्हणाला, "नाना, गाडी खाली पाहिजे आणि मऊ पाहिजे. मायचं डायलिसिस आहे, आठवड्यातून दोनदा जळगावला आणतो. कॅबिनमध्ये तिचे पाय दुमडत नाहीत. मागे गादी टाकतो, पण धक्के बसले की रडते हो."

"पाटे काढले तर केळी भरता येणार नाहीत, विलास."

"नाही भरणार."

दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकाने असं एका झटक्यात सांगितलेलं मला आठवत नाही.

काम झालं. विलास हौद्यात चढायला लागला, तर सोबत आलेल्या त्याच्या म्हाताऱ्या मायने त्याला मागे ओढलं. "तू काय सांगशील? पाठ माझी दुखते!" आणि स्वतःच चढली. चढता आलं म्हणून आधी दोन मिनिटं हसलीच. फेरी झाल्यावर म्हणाली, "नाना, अजून एक काढा."

नानांनी काढला. दुसरी फेरी. "शॉकअपबी बदला." नानांनी निमूटपणे बदलले. ज्या माणसाने आयुष्यात गिऱ्हाइकाचं एक ऐकलं नाही, तो!

तिसऱ्या फेरीत मागून आवाजच येईना. मी नानांच्या शेजारी होतो, मागच्या काचेतून वाकून पाहिलं, म्हातारी झोपली होती. नानांनी गाडी थांबवलीच नाही. तसेच पुढे गेले, वळले, पुन्हा एक फेरी मारली. त्या दिवशी तीन गिऱ्हाइकं ताटकळली. एकालाही नाना सॉरी म्हणाले नाहीत.

पुढे सात-आठ महिने विलास दिसला नाही. गेल्या महिन्यात आला. डोकं भादरलेलं होतं.

"नाना, पाटे चढवा. परवापासून केळी भरायची."

नाना हो म्हणाले आणि गाडीखाली शिरले, ते काम होईपर्यंत बाहेर आले नाहीत. नंतर हात पुसत मला म्हणाले, "फेरी तू मारून ये. मला जमणार नाही."

विलास म्हणाला, मीच चालवतो. मी शेजारी बसलो. गाडी आता उंच, टणक, एकदम मालाची झाली होती. रिकामा हौदा नुसता खडखडत होता. समोर ब्रेकर आला.

मी म्हणालो, "जोरात घ्या भाऊ, पाटे नीट बसलेत का कळेल."

"हो," विलास म्हणाला. गाडी हळू केली, तिरकी घेतली, आणि हात मागे नेऊन हौद्याकडच्या काचेवर दोनदा टकटक केलं.

"माय, धर गं. ब्रेकर आला."