डब्यातले सव्वाशे फूट

आमच्या बीदर-औराद भागात भानामतीच्या गोष्टींना तोटा नाही. कुणाच्या लुगड्यावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात, कुणाच्या घरावर दगड पडतात. मी कधी कान दिला नाही. मी सिनेमाचा ऑपरेटर. रिळात असतं तेच पडद्यावर दिसतं, नसतं ते दिसत नाही – आमच्या धंद्यात खरं म्हणजे एवढं एकच. तरी हे लिहितोय. चाळिशी उलटली, आणि जिला आधी सांगायला पाहिजे होतं ती राहिली नाही.

दुष्काळाचं साल... मैसूरचं कर्नाटक व्हायच्या आदलं. बीदरमधली पत्र्याची टॉकीज, नाव नको. मी कमठाण्याहून सायकलवर यायचो.

मला एक थोरलं भावंड होतं. घरातलं नाव मल्लप्पा. लहानपणी मी अण्णा म्हणायचो. सतराव्या वर्षी ती साडी नेसली, हैदराबादला आपल्यासारख्यांत राहायला गेली, मल्लम्मा झाली. अप्पांनी, आमच्या वडलांनी, तिला घर बंद केलं. वर्षातून एकदा ती बीदरला यायची, टॉकीजच्या मागं मला भेटून परतीची बस धरायची. मला ती तम्मा म्हणायची, कानडीत धाकटा भाऊ. दर वेळी एकच मागायची, "तम्मा, एकदा अक्का म्हण की रे." मी हसण्यावारी न्यायचो.

त्या आठवड्यात एक ऐतिहासिक पिक्चर लागला होता. सुलतानाच्या महालातली ख्वाजासरा – मुलगा म्हणून जन्मलेली, बाई म्हणून जगणारी, जनान्याच्या किल्ल्या तिच्या कमरेला. तिच्यावर फितुरीचा आळ येतो. भर दरबारात सुलतान विचारतो, हिच्या बाजूनं बोलणारं कुणी आहे का? सगळे गप्प. मागच्या रांगेतला एक शिपाई उठतो. "है, हुजूर. ये मेरी बहन है." बास, एवढाच सीन. पिक्चर पडला, पुढं कुठं लागल्याचं ऐकलं नाही.

पहिल्या दिवशी त्या जागेला शिट्ट्याच शिट्ट्या. आमच्या गावची पोरं माझ्या प्रोजेक्टरच्या खिडकीकडं मान वळवून ओरडली, "ए शिवा, तुझा अण्णा आलाय बघ पडद्यावर! बसलास कामून? तू बी ऊठ की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कात्रीनं तो सीन काढला. सव्वाशे फूट – दीड मिनिटाला थोडं कमी. टोकं जोडली. गुंडाळी बिस्किटाच्या डब्यात टाकली. पट्टी खराब झाली होती म्हणून कापली, असं मालकाला आणि गेटकीपरला सांगितलं.

त्याच दुपारी मॅटिनीला ती आली.

गेटवर इस्माईलचाचा. त्यांनी मला हाक मारली. "औरतां इधर, मरदां उधर. इसकू किधर बिठाऊं, बोल?"

मी जिन्यात उभा होतो. खाली उतरलो नाही. तीच बोलली, "ऱ्हाऊ द्या चाचा, मागं भिंतीला उभी ऱ्हाते. तिकिटात भिंत तर येती ना?" चाचा हसले. मग ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "हैदराबादला चारदा बघितला. त्यो भाऊ उठतो बघ... तेवढं तुझ्या हातानं बघायचंय."

"शो सुरू व्हायलाय. जा आत," मी म्हणालो.

ती माझ्या खिडकीच्या बरोबर खाली उभी राहिली. वरून तिच्या डोक्यावरचा पदर दिसत होता.

जोड प्रोजेक्टरमधून जाताना बारीक टक् होतं. ते मी ऐकलं. त्यानंतर थेट पुढच्या सीनमधले घोडे यायला पाहिजे होते... पडद्यावर दरबार आला.

मी डबा उघडला. गुंडाळी आत होती. हातात घेतली, ठेवली. शिपाई अजून उठायचा होता. यापुढचं मी आजवर कुणाला सांगितलं नाही – मी शटर पाडलं. दिव्यापुढची लोखंडी झडप. ती पडली की पडदा अंधारलाच पाहिजे. माझ्यासमोर प्रोजेक्टरचा उजेड बंद झाला. पडद्यावर शिपाई उठला. बोलला. त्या दिवशी एकही शिट्टी नाही.

दरबार संपला तसा पडदा काळा झाला, तेव्हा लोक ओरडले. मी शटर उचललं. घोडे निम्मं मैदान ओलांडून गेले होते. म्हणजे मशीनमधलं रीळ या सगळ्यात आपलं आपलं चालतच होतं.

शो सुटल्यावर चाचा म्हणाले, "वो टुकडा काट दिया बोल्या था ना रे तू?" मी मान फिरवली. जिन्याखाली ती उभी होती.

"दाखवलास रे तम्मा. मला वाटलं व्हतं तू कापशील. लोकं बोलत असतील तुला... तरी ठेवलास?"

मी म्हणालो, "व्हय."

त्या दिवशी तिनं अक्का म्हण म्हटलं नाही. तिचं तेवढ्यात भागलं असावं. पुढं येत राहिली, पण पुन्हा कधी मागितलंच नाही.

सहा-सात वर्षांनी तिच्यासोबत राहणारी एकजण निरोप घेऊन टॉकीजवर आली. मल्लम्मा गेली. "आखरी तक बोलती थी," ती म्हणाली, "मेरा भाई भरे थेटर में मेरे वास्ते उठ्या." मग माझ्याकडं बघून, "वो भाई तूच ना?" तेव्हाही मी व्हयच म्हणालो.

शटरचं तेवढं गाळून गुलबर्ग्याच्या एका जुन्या ऑपरेटरला विचारून बघितलं. "दिव्यातल्या कार्बनचा धूर डोक्यात गेला आसंल," तो म्हणाला. माझ्या गेला असेल. चाचांच्या? तिच्या? टॉकीजमध्ये प्रिंट एकच होती. जोड मी रात्रीपर्यंत तीनदा तपासला – जसाच्या तसा.

डबा अजून माझ्याकडं आहे. झाकण काढलं की आंबूस वास येतो. पट्टी उजेडाला धरली की शिपाई दिसतो, तोंड उघडं. काय झालं, कसं झालं, मला सांगता येत नाही. एवढंच सांगता येतं – ते मी दाखवलं नव्हतं, अक्का.