अण्णांनी मान हलवली

लकवा झाल्यापासून अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, वाचा गेली होती. उजवा हातही उचलत नव्हता. बँक, तलाठी, पीकविमा, सगळीकडे त्यांनाच समोर आणा म्हणायचे. भाऊ अजून शाळेत, मायला लिहिता-वाचता येत नाही. घरात कॉलेजात गेलेली मी एकटीच. म्हणून त्यांच्या वतीनं सह्या करायला माझ्या नावानं मुखत्यारपत्र करायचं ठरलं. अण्णांना मी एवढंच म्हणाले, "कागद करायचाय, भोकरदनला जायचंय." बाकी त्यांना कळेल असं मी धरून चालले.

केदारखेड्याहून ऑटोनं गेलो. नोंदणी कार्यालयात दस्त लिहिणाऱ्यानं आधी माझी सही घेतली. अण्णा बघत होते. मग साहेबांनी त्यांना मोठ्यानं विचारलं, "बाबा, राजीखुशीनं करून देताय ना?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

साहेबांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. अंगठ्यासाठी डावा हात धरायला गेले, तर तो त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला.

बाकावरचा एक जण हसला. "लेक शिकून राह्यली, पण बापाला भरवसा न्हाई!"

साहेबांनी कागद परत दिले. त्यांचं बरोबरच होतं.

येताना मी पुढे, ड्रायव्हरशेजारी बसले. अण्णा मागून माझ्या खांद्याला हात लावत होते. मी वळून पाहिलं नाही. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही आणि तिसऱ्या दिवशी जालन्याला होस्टेलवर निघून आले. त्याच आठवड्यात त्यांना दुसरा झटका आला. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

तेराव्याला अण्णांची धाकटी बहीण, माझी आत्या, माझ्याजवळ येऊन बसली. मायनं तिला सगळं सांगितलं असावं.

"त्याच हापिसात म्या हक्कसोडीवर अंगठा देल्ता, बाई. वावरातला हिस्सा सोडला म्हणून. दादानंच नेल्तं मला. मी काही बोलले न्हाई, पण त्याला ते लागून राह्यलं व्हतं. तुझी सही पाहून त्याला वाटलं असंन, पोरीचं बी तेच करून राह्यले."

"पण आत्या, हा कागद तसला नव्हता."

"मंग हे त्याला सांगितलं व्हतं का कुणी?"

दोन-तीन वाक्यं पुरली असती.